किती देते? व्हर्टस जीटीच्या अ‍ॅव्हरेजच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

गाडी घेतली २०२२ च्या शेवटी. तेव्हापासून पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, पंपावर, सगळीकडे एकच प्रश्न: "किती देते?" मी दर वेळी वेगळं उत्तर देत आलोय. कुणाला बारा सांगितलं, कुणाला सोळा, आणि एकदा नुकताच हायवेवरून आलो होतो तेव्हा एकोणीस. तिन्ही आकडे स्क्रीनवर माझ्या डोळ्यांनी पाहिलेले. त्यामुळे खोटं कुणाशीच बोललो नाही, पण खरं काय ते मलाच माहीत नाही आणि हे मला खटकतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. उत्तर ऐकलं की समोरचा मान हलवून म्हणतो, "एवढी पॉवर म्हटल्यावर पेट्रोल पिणारच." हे खरं आहे का, ते मोजून बघायचंय. बिलातला किती भाग पॉवरचा, किती माझ्या पायाचा आणि किती पुण्याच्या रस्त्यांचा, हे वेगळं काढायचं.

गाडीची माहिती एकदा लिहून ठेवतो. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटरचं टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस, म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २५० न्यूटन मीटर, तोही १६०० आरपीएमपासून. टाकी ४५ लिटरची. गाडी चाकणच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे पुण्याचीच. कागदावरचं अ‍ॅव्हरेज लिटरला १८.६७ किलोमीटर.

पद्धत बाबांची: टाकी फुल ते टाकी फुल. पंप एकच, शक्यतो नॉझलही तोच, गाडी त्याच दिशेला उभी. नॉझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू का?" याला नम्रपणे नाही म्हणायचं, कारण त्या वरच्या पाऊण लिटरनंच सगळा हिशेब बिघडतो. वहीत प्रत्येक टाकीला पाच गोष्टी: किलोमीटर, लिटर, स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज, स्क्रीनवरचा सरासरी वेग, आणि गाडी गार असताना किती वेळा सुरू केली. आज फुल केली. ओडोमीटर ३१,४६०.

१५ जून

किलोमीटरच चुकीचे असतील तर पुढचं सगळं चुकेल, म्हणून सकाळी आधी ओडोमीटर तपासला. चांदणी चौकातून बायपासनं देहू रोडपर्यंत जाऊन परत, फोनच्या जीपीएसशी ताडून. फरक एक टक्क्याच्या आत. सोडून दिला. स्पीडोमीटर मात्र जीपीएसपेक्षा दोन-तीन किलोमीटर जास्त दाखवतो; तो तसाच असावा अशी नियमातच सोय असते. वेगाचा प्रयोग करताना जीपीएस बघायचा.

२ जुलै

पहिली टाकी. ४१२ किलोमीटर, ३८.९ लिटर. भागाकार १०.५९. स्क्रीन म्हणते ११.०. सरासरी वेग ताशी १९.

स्क्रीन आणि पंप यांत चार टक्क्यांचा फरक आला. स्क्रीन पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून ती अंदाज बांधते आणि त्या अंदाजात एवढा फरक चालायचाच. दर टाकीला फरक साधारण एवढाच राहिला, तर छोट्या प्रयोगांना स्क्रीन वापरता येईल. म्हणजे चार टक्के वजा करायचे आणि पुढे जायचं.

मला थांबवलं ते ताशी १९ या वेगानं. घर ते ऑफिस, म्हणजे कोथरूड ते हिंजवडी, अंतरही १९ किलोमीटरच. पालख्या पुण्यात होत्या ते दोन दिवस रस्ते बंद होते, हे मान्य. पण बाकीचे दिवस नेहमीचेच होते. बायपासला लागेपर्यंत अर्धा तास, आणि वाकडचा पूल उतरल्यावर भूमकर चौकात जे काही होतं ते. ४१२ किलोमीटर ताशी १९ नं म्हणजे जवळजवळ बावीस तास मी या गाडीत बसलो होतो.

संध्याकाळी ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावून पार्किंगमध्ये गाडी नुसती चालू ठेवली. एसी बंद असताना तासाला अर्ध्या लिटरच्या थोडं वर. एसी लावला की कॉम्प्रेसर चालू-बंद होत आकडा ०.८ च्या आसपास रेंगाळतो. सिग्नलला इंजिन बंद करणारी सोय गाडीत आहे, पण उकाड्यात एसीला थंडावा टिकवायचा असतो, म्हणून इंजिन बंद होत नाही किंवा झालं तरी लगेच सुरू होतं. बावीस तासांतले सात-आठ तास मी उभा होतो असं धरलं तर सहा लिटर पेट्रोल चाक न हलता गेलं. ३८.९ मधले सहा लिटर. त्यात १५० पीएसचा काही संबंध नाही.

१२ जुलै

मुलीचा क्लास २.४ किलोमीटरवर. आठवड्यातून चार वेळा बायको तिला सोडते, पाऊस असला की गाडीनं. हा प्रवास आजवर कुणाच्या हिशेबातच नव्हता. इतका छोटा की त्यात काय मोजायचं!

आज मोजला. रात्रभर उभी असलेली गाडी, बाहेर २३ अंश, बारीक पाऊस. बटण दाबल्यावर इंजिन हजारच्या वर फिरायला लागतं. आवाज जरा घोगरा, नेहमीचा मऊपणा नाही. हा मुद्दाम केलेला बंदोबस्त असतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आधी त्याला तापवायला पेट्रोल जळतं. ऑइल जाड असतं. गिअरबॉक्स गिअर जरा उशिरा टाकतो. दोन सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवायची जी युक्ती या इंजिनात आहे, ती गार इंजिनावर चालतच नाही. अर्ध्या मिनिटानं आरपीएम खाली येतो, पण स्कॅनरवर पाण्याचं तापमान ऐंशीच्या वर जायला मला जवळजवळ पाच किलोमीटर लागले. क्लास त्याच्या निम्म्यावर येतो.

स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज ६.९. दुपारी ऑफिसहून आल्या आल्या, गाडी गरम असतानाच, त्याच रस्त्यानं परत गेलो: १०.८. सिग्नल तेच, पाय तोच.

हिशेब केला. गार गाडीला ३४८ मिलिलिटर लागलं, गरम गाडीला २२२. दर वेळी गार गाडी सुरू करायचे सव्वाशे मिलिलिटर जास्तीचे, म्हणजे साधारण दोन कटिंग चहा. पहिल्या टाकीत मी गार सुरुवाती मोजल्या होत्या, ३४. गुणाकार चार लिटरच्या वर जातो.

बायकोला वही दाखवली. तिनं लगेच तोडगा काढला: भाजी, बँक, दवाखाना ही कामं क्लासच्याच फेरीत, गाडी गरम असताना. आणि पाऊस नसेल त्या दिवशी मुलगी चालत. मुलीनं विचारलं, "बाबा, वाचलेल्या पेट्रोलचे पैसे कुणाचे?" योग्य प्रश्न आहे. त्याचं वेगळं पान केलंय.

२४ जुलै

दुसरी टाकी. ४३६ किलोमीटर, ३७.२ लिटर, ११.७२. सरासरी वेग २१. गार सुरुवाती १९.

ऑफिसचा रस्ता तोच, मी तसाच चालवतोय. फक्त फेऱ्या एकत्र केल्या तर लिटरमागे एक किलोमीटर वाढलं. सगळं श्रेय फेऱ्यांना देत नाही, वेगही थोडा वाढलाय.

३ ऑगस्ट, रविवार

ज्यासाठी ही गाडी घेतली तो दिवस. पहाटे साडेपाचला मित्राला घेऊन निघालो. खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी. आज मुद्दाम दोन्ही पद्धतींनी चढायचं ठरवलं होतं.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर, पाचगणी साधारण १२९० वर. मधल्या बारा-एक किलोमीटरच्या घाटात गाडी पावणेसहाशे मीटर वर उचलायची. आम्हा दोघांसकट गाडी १४०० किलो धरली, तर नुसती उंची गाठायला आठ मेगाज्यूलच्या जवळपास ऊर्जा लागते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्साही चाकांपर्यंत पोचत नाही. म्हणजे पाऊण ते एक लिटर पेट्रोल फक्त डोंगराला द्यायचं. पाय कितीही हलका ठेवा, ते सुटत नाही.

पहिली चढण डी मोडमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या नेहमीच्या मोडमध्ये, शांतपणे. टॉर्क इतका खालून मिळतो की गाडी २००० आरपीएमवर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता चढते. वर पोचलो तेव्हा ८.१. उतरून पुन्हा वाई. वाटेत एक घोट चहा. दुसऱ्या वेळी एस, म्हणजे स्पोर्ट मोड. धुकं विरळ झालं होतं, रस्ता ओला पण स्वच्छ, समोरून एक दुधाचा टेम्पो आणि एक एसटी, बाकी कुणी नाही. आंधळ्या वळणांवर वेग कमी, हॉर्न, आणि पुढचा सरळ टप्पा दिसला की पाय खाली. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. सुकाणूवरच्या पॅडलनं गिअर उतरवताना इंजिन स्वतःहून आरपीएम जुळवून घेतं आणि गाडी वळणात बसलेली राहते. मित्र बोलायचा थांबला होता. वर आल्यावर आकडा ६.१.

बारा किलोमीटरला एकदा १.४८ लिटर आणि एकदा १.९७. फरक अर्धा लिटर. पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे संपूर्ण पसरणी घाट मनासारखा चालवायचे पन्नास रुपये. मी आजवर हा आकडा कितीतरी मोठा समजत होतो.

आणखी एक गोष्ट. ६.१ बघून वाटतं, इंजिन उधळपट्टी करतंय. उलट आहे. पेट्रोल इंजिन सगळ्यात वाया घालवतं ते हलक्या कामावर. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि पिस्टनना त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढत बसावी लागते. चढावर थ्रॉटल उघडा असतो, तेव्हा जळणाऱ्या प्रत्येक थेंबाचं काम पुरेपूर होतं. काम जास्त आहे म्हणून आकडा लहान दिसतो. भूमकर चौकात काम काहीच नसतं, तरी आकडा लहानच.

उतरताना तिसरा गिअर लावून पाय काढून घेतला. अशा वेळी इंजेक्टर बंदच असतात. चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकून उतरणारे लोक पेट्रोल वाचवत नाहीत. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

घरी परत. २३६ किलोमीटर, दोन चढणी धरून स्क्रीनवर १५.६. चार टक्के वजा करा, १५.०.

१४ ऑगस्ट

तिसरी टाकी. ४८६ किलोमीटर, ३७.४ लिटर, १३.०. आतापर्यंतची सगळ्यात चांगली टाकी, आणि तीच टाकी जिच्यात मी गाडी सगळ्यात जोरात चालवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. ऑफिसची शहाणी, सावध फेरी गाडीला घाटापेक्षा जड जाते.

७ सप्टेंबर

चौथी टाकी, १०.२१. ३९१ किलोमीटर, ३८.३ लिटर. काल विसर्जन झालं. दहा दिवस वळसे घालत चाललो होतो, तेव्हा घसरण अपेक्षित होती. पण एवढी नाही. हवा तपासली तर चारही टायरमध्ये स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा चार ते पाच पीएसआय कमी. महिन्यापूर्वी एका दुकानात हवा भरली होती, तिथला मीटर चुकीचा असणार. मी त्यावर विश्वास ठेवला ही चूक माझी. स्वतःचा गेज घेतला. आता दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर गार असताना हवा तपासायची.

किती घसरण टायरची आणि किती गणपतीची हे या टाकीतून काढता येत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की प्रयोग वाया जातो. आकडा वहीत राहू दे, निष्कर्ष नको.

१४ सप्टेंबर, रविवार

बाबांबरोबर सकाळी टेकडीवर. वेताळ टेकडीच्या ज्या भागाला आख्खं कोथरूड "एआरएआय टेकडी" म्हणतं, तिथे. फिरायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे नाव म्हणजे फक्त व्यायामाची जागा. पण एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, आणि ज्या आकड्यांवर देशभर गाड्यांची खरेदी ठरते, त्यांना आपण याच संस्थेच्या नावानं ओळखतो.

बाबांना विचारलं, "एआरएआयचे १८.६७ येतात कुठून?" त्यांना वाटत होतं कुणीतरी हायवेवर गाडी नेत असेल. मी वाचलं होतं ते सांगितलं. गाडी रोलरवर उभी करतात, रस्त्यावर नाही. ठरवून दिलेलं चक्र असतं. पहिल्या भागात शहरासारखा थांबत-चालत जाणारा १९५ सेकंदांचा तुकडा, तो चार वेळा. मग ४०० सेकंदांचा मोकळ्या रस्त्याचा भाग, त्यात वेग जास्तीत जास्त ९० पर्यंत. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्या आत, अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर. एसी बंद.

बाबांनी चालता चालता भागाकार केला. त्यांना ही सवय आहे. "म्हणजे तासाला बत्तीसचा स्पीड. आणि तुझा?"

"एकोणीस, वीस."

"मग तुझी परीक्षाच वेगळी आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या आकड्यात लबाडी नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापानं मोजायला तो आहे आणि त्या कामाला तो चोख आहे. एक गाडी दुसरीपेक्षा किती काटकसरी, हे तो सांगतो. माझ्या हिंजवडीच्या रस्त्याबद्दल त्याला काही विचारण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर बाबांनी कपाटातून प्रीमियर पद्मिनीची डायरी काढली. निळ्या शाईत तारीख, मैल नव्हे किलोमीटर, लिटर, भागाकार. समासात बारीक अक्षरात कारणं: "कार्ब्युरेटर साफ केला", "सासवडला सहा जण", "चोक अडकला". १०८९ सीसी, चाळिसेक हॉर्सपॉवर. आकडे दहा ते तेराच्या मध्ये. माझ्या वहीतले आकडे काढून शेजारी ठेवले. शहरातले आमचे दोघांचे आकडे जवळजवळ सारखेच. माझ्या इंजिनाची ताकद साडेतीन-चारपट, गाडी कितीतरी जड, एसी चालू, तरीही. इंजिनाच्या कारागिरीनं चाळीस वर्षांत जे कमावलं, ते रस्त्यावरच्या गर्दीनं तेवढंच्या तेवढं परत घेतलं. बाबा काही बोलले नाहीत, डायरीचं पान उलटून पुढचे आकडे वाचत राहिले.

४ ऑक्टोबर

पाचवी टाकी ११.६. नवीन काही नाही.

ऑफिसमध्ये इथेनॉलवरून वाद झाला, म्हणून स्वतःसाठी हिशेब मांडला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी, आणि आधीच्या १० टक्क्यांच्या मिश्रणाच्या तुलनेत तीन-साडेतीन टक्के कमी. बाराच्या अ‍ॅव्हरेजवर हा फरक अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे. तो खरा आहे आणि खिशातून जातो, हे नाकारायचं नाही. पण माझं अ‍ॅव्हरेज १८ वरून ११ वर आलंय त्याचं कारण म्हणून तो पुरत नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दिवाळीला नागपूर, सासरी. चार माणसं, डिकी भरलेली. टायर काल तपासले. समृद्धीच्या काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगानं जायचं म्हणजे टायरची हयगय चालत नाही.

नगर रोडनं वाघोली, शिक्रापूर ओलांडायला जो वेळ लागायचा तो लागला. सावंगीला समृद्धीवर चढलो आणि प्रयोग सुरू केला. पन्नास पन्नास किलोमीटरचे तीन टप्पे, क्रूझ कंट्रोल लावून, वेग जीपीएसवर बघून: ८०, १०० आणि ११८. मर्यादा १२० आहे. ८० चा टप्पा डाव्या लेनमध्ये. एकाच दिशेचे आकडे धरायचे नाहीत, कारण नागपूर संभाजीनगरपेक्षा अडीचशे मीटर खाली आहे आणि वाराही असतो. येताना पुन्हा तेच.

२५ ऑक्टोबर

परत आलो. दोन्ही दिशांची सरासरी, स्क्रीनवरची: ८० ला २४.१, १०० ला २०.०, ११८ ला १६.४.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून ११८ म्हणजे वेग दीडपटीच्या आत, अडथळा मात्र दुपटीहून जास्त. सपाट रस्त्यावर ८० ते १०० मध्ये सुकाणूसमोरच्या स्क्रीनवर दोन सिलिंडरची खूण वारंवार येत होती. अशा वेळी मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा सिलिंडर विश्रांती घेतात आणि उरलेल्या दोघांवर पुरेसा भार येतो. पसरणीत जे सांगितलं तेच तत्त्व. काँक्रीटच्या घरघराटात तो बदल कानाला कळत नाही, एकदा फक्त पायाला किंचित थरथर जाणवली. ११८ ला ती खूण क्वचितच दिसली.

पैशांत मांडतो. ४०० किलोमीटर १०० नं चार तास आणि वीस लिटर. ११८ नं तीन तास चोवीस मिनिटं आणि साडेचोवीस लिटरच्या थोडं आत. छत्तीस मिनिटांची किंमत साडेचारशे रुपये. माझा निर्णय शंभरचा. येताना प्रयोग सोडून बाकी सगळा रस्ता शंभरनं आलो, बाबा मागे झोपले होते.

नागपूरच्या पंपावर फुल, कोथरूडला फुल. पंप वेगळे, नियम मोडला, नोंद करून ठेवतो. ७०६ किलोमीटर, ४०.२ लिटर, १७.५६. चार माणसं, सामान, एसी आणि वाघोलीसकट. हीच गाडी.

२९ नोव्हेंबर

तीन आठवड्यांचा प्रयोग काल संपला. यासाठी पाचही दिवस ऑफिसला गेलो. रस्ता एकच, कोथरूड ते हिंजवडी आणि परत.

पहिला आठवडा, १० ते १४ नोव्हेंबर: नेहमीसारखं ९ वाजून १० मिनिटांनी निघालो आणि मनमुराद चालवली. मोकळी जागा दिसली की पाय खाली. ११.०, सरासरी वेग २०.

दुसरा आठवडा, तीच वेळ, पण शक्य तेवढी हळुवार. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा, पुढच्या गाडीशी अंतर ठेवून सरकायचं, ब्रेक कमीत कमी. १२.१, सरासरी वेग २०. एका मिनिटाचाही फायदा-तोटा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं.

तिसरा आठवडा: साहेबांशी बोलून वेळ बदलून घेतली. सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी निघायचं, चारला परत. चालवायची पद्धत पहिल्या आठवड्याचीच, मनमुराद. १५.०, सरासरी वेग ३३.

तीनदा तपासलं. पायाचा हिस्सा लिटरमागे १.१ किलोमीटर. निघायच्या वेळेचा हिस्सा चार. साडेपाच महिने ज्यासाठी वही भरली, ते इथे निघालं. सगळ्या टाक्यांचे आकडे आलेखावर टाकले. एका अक्षावर सरासरी वेग, दुसऱ्यावर अ‍ॅव्हरेज. ठिपके जवळजवळ एका ओळीत चढत जातात: १९ ला साडेदहा, २१ ला पावणेबारा, ३३ ला पंधरा, हायवेला साडेसतरा. मग शंभरच्या पुढे ओळ खाली वळते. माझ्या पायाचे ठिपके त्या ओळीच्या थोडे वर, थोडे खाली, एवढंच.

आणि ३३ म्हणजे जवळजवळ बाबांनी टेकडीवर काढलेला तो बत्तीसचा वेग. मी तिथे एसी, माणसं, इथेनॉल आणि जड पाय सगळं धरून कागदावरच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर आहे.

मला आता रागही येतो, आणि तो गाडीचा नाही. सकाळी नऊ वाजता भूमकर चौकात माझ्यासारख्या हजारो गाड्या, त्यात अर्ध्या ताकदीच्या छोट्या हॅचबॅकही, उभ्या उभ्या पेट्रोल जाळतात. एक लिटर पेट्रोलचा जवळजवळ २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. "तुझी गाडी पिते" असं मला म्हणणाऱ्याची गाडीही शेजारीच उभी असते. ज्यांच्या हातात ऑफिसच्या वेळा आहेत, त्यांनी अशी एक टाकी मोजून बघावी असं मनापासून वाटतं. आमच्या टीमच्या अकरा जणांना आलेख पाठवलाय. चौघांनी वेळ बदलून मागितली आहे.

१३ डिसेंबर

नव्या वेळेची पहिली पूर्ण टाकी. ५४१ किलोमीटर, ३८.० लिटर, १४.२४. गार सुरुवाती २१. शनिवारी दोनदा लक्ष्मी रोडला गेलो नसतो तर थोडं वर गेलं असतं.

मुलीच्या पानावरचा हिशेबही पूर्ण केला. जूनच्या अ‍ॅव्हरेजनं या ५४१ किलोमीटरला ५१ लिटर लागलं असतं. तेरा लिटर वाचले, साडेतेराशे रुपये. तिचा वाटा तिनं स्वतःच तिसरा हिस्सा ठरवला, मी दिला.

रविवारी पहाटे पुन्हा पसरणी. या वेळी फक्त एस मोड.

टायर तीन वर्षांचे झालेत, मार्चपर्यंत बदलावे लागतील. त्याआधी याच टायरवर, बरोबर हवेसह, चार टाक्या मोजून ठेवायच्या, म्हणजे नव्याशी तुलना होईल. सर्व्हिस फेब्रुवारीत आहे. एअर फिल्टर आणि टायर एकाच आठवड्यात बदलायचे नाहीत.